कर्णधार बदलू का, असं विचारणाऱ्या क्रीडाशिक्षकांना

प्रश्न नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातल्या एका शाळेच्या क्रीडाशिक्षकांचा आहे. त्यांच्याकडे १७ वर्षांखालील मुलींचा कबड्डी संघ आहे. सगळ्यांत चांगली चढाई करणारी मुलगी कर्णधार. स्वभावानं गुणी, सराव कधी चुकवत नाही. पण सामना अटीतटीला आला की सातही जणी बाहेर उभ्या असलेल्या सरांकडे बघतात. सर ओरडून सांगतात, तोवर चढाई संपलेली असते. मागच्या वर्षी जिल्हास्तरावर थोडक्या गुणांनी सामना गेला. सर विचारतात : कर्णधार बदलू का? नेतृत्व शिकवता येतं, की ते अंगातच असावं लागतं?

सर, कर्णधार आत्ता बदलू नका. आणि हो, नेतृत्व शिकवता येतं. मात्र ते एका मुलीला बाजूला घेऊन शिकवता येत नाही, सगळ्या संघाला शिकवावं लागतं, आणि त्यासाठी पहिल्यांदा तुमच्या स्वतःच्या सरावाची पद्धत बदलावी लागेल. तुमच्या मुली तुमच्याकडे बघतात कारण आजवर प्रत्येक निर्णय तिथूनच आला आहे. सरावात वर्षभर सर ठरवणार आणि सामन्याच्या शेवटच्या तीन मिनिटांत अचानक पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीनं ठरवावं, असं होत नसतं.

कबड्डीत ही अडचण बाकीच्या खेळांपेक्षा जास्त टोचते. चढाईला ३० सेकंद असतात. तुम्ही बाहेरून बघणार, मनाशी ठरवणार, ओरडणार, गलक्यातून ते मुलीच्या कानावर जाणार, मग ती हलणार. तेवढ्यात समोरची चढाईपटू बोनस (बोनस रेषा ओलांडल्याचा जादा गुण) घेऊन मध्यरेषेपलीकडे गेलेली असते. शिवाय बाहेरून दिसतं ते आणि आतून दिसतं ते निराळं. चढाईपटूचं वजन कोणत्या पायावर आहे, ती हात लांबवणार की पाय टाकणार, हे बचावात अगदी कडेला, कोपऱ्यात उभ्या असलेल्या मुलीला दिसतं. तुमच्या जागेवरून बऱ्याचदा फक्त तिची पाठ दिसते. म्हणजे ज्या मुलीला सगळ्यांत चांगलं दिसतंय तिनं गप्प राहायचं आणि ज्यांना अर्धवट दिसतंय त्यांनी सांगायचं, असा हा उलटा कारभार चालू आहे.

दुसरी गोष्ट तुमच्या कर्णधाराची. ती चढाईपटू आहे, आणि चढाईपटू सर्वांत जास्त वेळा बाद होतात. ती बाद होऊन बसली की मैदानात कर्णधार उरत नाही, आणि हे नेमकं संघ संकटात असतानाच घडतं : तीन-चार जणी उरल्यात, लोण (सगळा संघ बाद होणं) डोक्यावर आहे, बोलणारी बाहेर बसली आहे. चढाई करून सुखरूप परत आली तरी तिचा दम गेलेला असतो. दम धरून कबड्डी म्हणत, दोघींच्या तावडीतून सुटून आलेल्या मुलीनं पुढच्याच क्षणी पकडीची आखणी सांगावी, ही अपेक्षा कोणत्याही वयाच्या खेळाडूकडून ठेवू नये. म्हणून माझ्या मते प्रत्येक कबड्डी संघाला मैदानात दुसरा आवाज लागतो, आणि तो बचावातला असावा. शक्यतो कोपऱ्यातली मुलगी. ती सामन्यात जास्त वेळ मैदानावर टिकते, बचावाची सगळी साखळी तिच्या डोळ्यांसमोर असते.

एकच खेळाडू सगळं पेलतो, ही समजूत मोठ्या संघांच्या बाबतीतही खरी नाही. २०१६ साली अहमदाबादला झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला भारत इराणपेक्षा १३-१८ असा मागे होता. कर्णधार होता अनुप कुमार, शांत डोक्याचा म्हणून सगळ्या कबड्डीजगतात ओळखला जाणारा. सामना भारतानं ३८-२९ असा फिरवला, पण चढायांमध्ये १२ गुण आणले ते अजय ठाकूरनं. संघ एकाचा होता, दिवस दुसऱ्याचा होता. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामातला पुणेरी पलटण घ्या. कर्णधार अस्लम इनामदार स्वतः चढाईपटू. त्याच्या जोडीला मोहित गोयत, पंकज मोहिते आणि आपल्या नाशिकचा आकाश शिंदे. एक बाद झाला की दुसरा तयार. १ मार्च २०२४ ला हैदराबादला हरियाणा स्टीलर्सविरुद्ध अंतिम सामना २८-२५ असा जिंकला, तेव्हा पलटणकडून सर्वाधिक गुण कर्णधारानं नव्हे, पंकज मोहितेनं केले. तुमच्या मुलींना हे सामने दाखवा, पण गुण मोजायला लावू नका. चढाई सुरू व्हायच्या आधी बचावातला कोण कुणाशी बोलतोय, हात कोण दाखवतोय, कोण कुणाला मागे ओढतोय, एवढंच टिपायला सांगा. मुलींना ते लगेच दिसतं.

बेल्जियममध्ये कात्रिन फ्रान्सेन आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मला या बाबतीत फार मोलाचा वाटतो. नऊ सांघिक खेळांमधल्या ४,४५१ खेळाडू-प्रशिक्षकांना त्यांनी विचारलं की तुमच्या संघात खरं नेतृत्व कोण करतं. नेतृत्वाची चार कामं वेगळी काढली होती : मैदानात डावपेच सांभाळणं, उभारी देणं, मैदानाबाहेर संघ एकत्र ठेवणं, आणि पंच, संयोजक, पत्रकार अशा बाहेरच्यांशी संघाच्या वतीनं बोलणं. ४३.६ टक्के लोकांच्या मते त्यांचा कर्णधार या चारपैकी एकाही कामात पहिला नव्हता. चारही कामांत कर्णधारच सर्वोत्तम, असं म्हणणारे जेमतेम एक टक्का निघाले. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातल्या क्लबांची आणि निफाडच्या शाळेची परिस्थिती वेगळी आहे, पण ही चार कामं आपल्याकडेही तीच आहेत, आणि एकाच मुलीच्या अंगावर ती टाकली की ती दबते, हेही तसंच आहे. तुमची कर्णधार कमकुवत आहे असं मला तुमच्या प्रश्नातून वाटलं नाही. तिच्यावर चार जणींचं काम आहे.

मग कोणाला कोणतं काम? हे तुम्ही ठरवू नका. मुलींनाच विचारा, पण हात वर करायला लावून नव्हे. सरावानंतर प्रत्येकीला एक चिठ्ठी द्या. वर स्वतःचं नाव नको. तीन प्रश्न : शेवटच्या मिनिटाला कोणाचं ऐकायला तुला आवडेल? आपण मागे पडलो की कोणामुळे बरं वाटतं? घरचं काही असलं, मन लागत नसलं, तर संघातल्या कोणाला सांगशील? प्रत्येक प्रश्नाला एक-दोन नावं. चिठ्ठ्या घरी जाऊन वाचा, कागदावर नावं मांडा, किती जणींनी कोणाचं नाव लिहिलं ते बघा. निकाल वर्गात वाचून दाखवायचा नाही. दोन गोष्टी तुम्हाला हमखास दिसतील. एक, ज्या मुलीकडे तुमचं कधी लक्ष गेलं नाही तिचं नाव दोन-तीन चिठ्ठ्यांवर आलेलं असेल. दुसरी, एखादीचं नाव कुठेच नसेल. त्या मुलीकडे दुसऱ्या दिवसापासून लक्ष द्या, कारण मार्चमध्ये संघ सोडून जाणारी बहुधा तीच असते.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल थोडं जास्त बोलते, कारण प्रशिक्षक तेवढंच काम हलकं समजतात. आपल्या जिल्ह्यात एका संघात किती तऱ्हेच्या मुली येतात बघा. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर भागातून वसतिगृहात राहायला आलेल्या मुली असतात. त्यांची घरची बोली वेगळी, शहरातल्या मुलींसमोर त्या आधी महिनाभर तोंड उघडत नाहीत. मैदानात मात्र त्यांचा पाय आणि दम बघावा. निफाडसारख्या भागात जानेवारीपासून द्राक्षाची तोड सुरू झाली की अर्ध्या मुलींच्या घरी कामाला हात लागतात. कोणी सरावाला येत नाही, आली तर दमून येते. हे सगळं तुम्हाला ती मुलगी सांगणार नाही. पाळी सुरू आहे, पोटात दुखतंय, हेही पुरुष शिक्षकाला सांगणार नाही. ती ज्या मैत्रिणीला सांगते ती तुमच्या संघाची एक पुढारी आहे, मग ती बाराव्या क्रमांकाची राखीव खेळाडू का असेना. तिला बोलावून एवढंच सांगा : कोणाला त्रास असेल तर कारण सांगू नकोस, फक्त आज हिला हलका सराव द्या एवढं म्हण, मी विचारणार नाही. आणि खरंच विचारू नका.

याचं मोठं उदाहरण आपण सगळ्यांनी पाहिलंय. २०२५ च्या महिला क्रिकेट विश्वचषकात भारत साखळीत लागोपाठ तीन सामने हरला होता. जेमिमा रॉड्रिग्जला मध्येच एका सामन्यात वगळलं गेलं. तीच जेमिमा ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ करून उभी राहिली आणि भारतानं ३३९ चं लक्ष्य गाठलं. नंतर तिनं जाहीरपणे सांगितलं की स्पर्धेच्या काळात ती चिंतेनं खचली होती, रडत होती, आणि ज्यांनी सावरलं त्यांत तिनं अरुंधती रेड्डी, स्मृती मानधना, राधा यादव यांची नावं घेतली. अरुंधती त्या सामन्यात अकरा जणींमध्ये नव्हती. कर्णधार हरमनप्रीत, प्रशिक्षक अमोल मुझुमदार, आणि तरीही त्या शतकामागे बाहेर बसलेल्या एका मैत्रिणीचं काम आहे. राखीव मुलींना पाण्याच्या बाटल्या सांभाळण्यापुरतं ठेवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला मी हे सांगत असते.

आता सरावाकडे येऊ. खरं काम इथे आहे.

आठवड्यातले दोन सराव असे घ्या. फळ्यावर परिस्थिती लिहा : आपण २२, समोरच्या २४, तीन मिनिटं बाकी, आपल्या चार जणी मैदानात, कर्णधार बाहेर. समोर दुसरा संघ उभा करा आणि घड्याळ लावा. त्यानंतर तुम्ही तोंड उघडायचं नाही. वही-पेन घेऊन बसा. चौघी मैदानात असताना बोनस मिळत नाही, कारण बोनससाठी समोर किमान सहा जणी लागतात. म्हणजे समोरच्या चढाईपटूला गुण हवा तर स्पर्श करावाच लागेल. पण ती दोन गुणांनी पुढे आहे, तिला घाई नाही, ती वेळ काढणार. मग पहिल्या दोन चढाया रिकाम्या जाऊ द्यायच्या आणि तिसऱ्या, सक्तीच्या चढाईला (लागोपाठ दोन रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो) तिला घेरायचं? की वेळ कमी आहे म्हणून दुसरीलाच झडप घालायची? एखादी आणखी बाद झाली तर तिघी उरतात आणि मग पकडीला जादा गुण मिळतो, हे कोणाच्या लक्षात आहे? आपली चढाई कोण करणार, आणि ती गुण मिळवून कोणत्या बाद मुलीला जिवंत करायला, म्हणजे मैदानात परत आणायला बघणार? हे प्रश्न मुलींनी एकमेकींना विचारले पाहिजेत. पहिल्या वेळी गोंधळ होईल, दोघी एकाच वेळी बोलतील, कोणीच बोलणार नाही, लोण बसेल. बसू द्या. (तिसऱ्या चढाईचा आणि अव्वल पकडीच्या जादा गुणाचा नियम तुमच्या स्पर्धेत कसा लागू आहे ते आयोजकांकडून आधी पक्कं करून घ्या. दरवर्षी यावरून कुठल्या तरी तालुक्यात वाद होतो.)

डाव संपला की तीन प्रश्न विचारा, याच क्रमानं : काय ठरलं होतं? कोणी सांगितलं? कधी सांगितलं? असं का केलंस, हा प्रश्न पहिल्या महिन्यात विचारूच नका. त्या प्रश्नाला आपल्या मुली चूक कबूल करून मान खाली घालतात आणि विचार तिथेच थांबतो. कधी सांगितलं, या प्रश्नातून मात्र त्यांना स्वतःलाच कळतं की सूचना चढाईपटू मध्यरेषेवर असताना द्यायची असते, ती आत शिरल्यावर नाही. हळूहळू त्यांचे स्वतःचे शब्द तयार होतात. एखादा संघ थांब म्हणतो, एखादा नुसता कोपऱ्याचं नाव घेतो, कोणी टाळी वाजवतं. ते शब्द तुम्ही ठरवून देऊ नका. त्यांनी केलेले शब्दच धावपळीत आठवतात.

विश्रांतीच्या ३० सेकंदांचाही सराव लागतो. प्रत्येक डावात संघाला दोनदा ती मागता येते आणि कर्णधारही ती मागू शकते. हे निम्म्या मुलींना माहीत नसतं. बहुतेक संघांत त्या ३० सेकंदांत सर एका दमात सगळं सांगतात आणि मुली मान डोलावतात. ती वेळ वाटून टाका. मुली आधी बोलणार : बचावातली मुलगी सांगेल समोरून काय चाललंय, चढाईवाली सांगेल कुठे जागा मोकळी आहे. त्यानंतर तुमचं एकच वाक्य, दुसरं नाही. परत जाताना कर्णधार तेच वाक्य मोठ्यानं म्हणेल. सरावात घड्याळ लावून हे केलं नाही तर सामन्यात होणार नाही.

इथे तुम्ही म्हणाल, मग प्रशिक्षकानं करायचं काय, सगळं मुलींवरच सोडायचं का? मुळीच नाही. मूळचे भारतातले पी. चेल्लादुराई यांनी १९७८ च्या सुमारास खेळातल्या नेतृत्वाची जी मांडणी केली ती आजही जगभर वापरली जाते. परिस्थितीला काय हवंय, खेळाडूंना काय हवंय आणि प्रशिक्षक प्रत्यक्ष काय करतो, या तिन्ही गोष्टी जितक्या जुळतील तितका संघ चांगला खेळतो आणि समाधानी राहतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे एकच पद्धत सगळीकडे चालवायची नाही. सहावीतून नुकत्याच आलेल्या मुलीला घोटा पकडताना डोकं कुठे ठेवायचं, हे विचारत बसू नका. नेमकं सांगा, दाखवा, करून घ्या. दुखापतीच्या बाबतीत शब्द तुमचाच शेवटचा. मान किंवा गुडघा दुखावला असेल तर ती मुलगी, तिची कर्णधार, तिचे वडील, कोणीही काहीही म्हणो, ती मैदानात उतरणार नाही. पण सरावाची वेळ, संघाचे नियम, उशिरा येणाऱ्याला काय करायचं, प्रवासात कोण कोणाबरोबर बसणार, सामन्यातली आखणी, यात मुलींचं म्हणणं आलं पाहिजे. स्वतः केलेला नियम मुली तुमच्यापेक्षा कडक पाळतात.

मारण्याबद्दल आणि अपमानाबद्दल स्पष्ट लिहिते, कारण अजून आपल्या मैदानांवर ते शिस्त या नावानं चालतं. हरलेल्या मुलीला सगळ्यांसमोर लागेल असं बोलणं, पाठीत धपाटा घालणं, उन्हात उभं करणं, हे बंद झालं पाहिजे. अमेरिकेत रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांनी मुलांच्या बेसबॉल संघांवर वर्षानुवर्षं काम केलं. चुकीनंतर धीर द्यायचा, मग काय करायचं ते सांगायचं, चांगल्या प्रयत्नाची दखल घ्यायची, एवढं प्रशिक्षकांना शिकवलं. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात, शिकवलेल्या प्रशिक्षकांच्या संघांतली ५ टक्के मुलं पुढच्या हंगामात खेळ सोडून गेली, बाकीच्या संघांतली २६ टक्के. आपल्याकडे दहावीनंतर मुलीचा खेळ सुटायला घरचीच कारणं पुरेशी असतात. त्यात आपली भर नको.

आणि यात नेतृत्वाचा प्रश्न थेट गुंतलेला आहे. जी मुलगी सरांच्या शब्दापुढे कधी जात नाही ती सामन्यातही स्वतःहून काही ठरवत नाही. तीच मुलगी उद्या एखाद्या मोठ्या माणसानं गैर वागायचा प्रयत्न केला तर नाही म्हणायला घाबरते. तुमच्यासमोर, सर, मला हे पटत नाही, असं म्हणायची सवय तिला मैदानातच लागली तर ती पुढे तिच्या उपयोगी पडेल. म्हणून एखादी मुलगी तुमच्या आखणीला पहिल्यांदा विरोध करेल त्या दिवशी तुमचा चेहरा कसा राहतो, याकडे सगळा संघ बघत असेल. मुलींच्या संघाबरोबर बाहेरगावी जाताना एक शिक्षिका सोबत असणं आणि खेळाडूंशी बोलणं गटावरच ठेवणं, रात्री एकटीला संदेश न पाठवणं, हेही पाळाच.

नेतृत्वासाठी खेळाडूपर्यंत आपल्याला चालत जावं लागतं, याचं उदाहरण नाशिकनं जगाला दिलंय. शैलजा जैन यांनी इथे अनेक वर्षं कबड्डी शिकवली. इराणच्या महिला संघाच्या त्या प्रशिक्षक झाल्या आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांच्या संघानं अंतिम फेरीत भारताला २७-२४ असं हरवून सुवर्ण नेलं. तिथे गेल्यावर त्या फारसी शिकल्या, सरावात योग आणि प्राणायाम आणला. भारतीय म्हणून त्या निकालाचं वाईट वाटलं असेल, पण प्रशिक्षक म्हणून मला त्यातून जे घ्यावंसं वाटतं ते हे : परक्या देशातल्या मुलींशी बोलायला ती बाई त्यांची भाषा शिकली, आणि आपण आपल्याच जिल्ह्यातल्या सुरगाण्याच्या मुलीला, तुझ्या घरी याला काय म्हणतात, एवढंही विचारत नाही. विचारून बघा. दोन-चार शब्द शिका. ती मुलगी महिनाभरात कोपऱ्यातून बोलायला लागेल.

पंचांशी बोलण्याचं काम मात्र कर्णधाराकडेच ठेवा आणि त्याचाही सराव घ्या. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत पुरुषांच्या अंतिम सामन्यात २८-२८ अशी बरोबरी असताना कर्णधार पवन सेहरावतच्या चढाईवरून कोणता नियम लागू, यावर वाद झाला आणि खेळ जवळपास तासभर थांबला. शेवटी भारत ३३-२९ जिंकला. शालेय स्पर्धेत एवढा खोळंबा होत नाही, पण दोन-चार मिनिटांचा होतो, आणि तेवढ्यात सामना हातचा जातो. कर्णधार एकटी पंचांकडे जाईल, हात मागे, आवाज खाली, नियमाचं बोलेल. बाकीच्यांना दुसरा आवाज एकत्र धरून ठेवेल, अंग गार पडू देणार नाही. प्रेक्षकांत कोणाचे वडील ओरडत असतील तर तिकडे कोणी बघणार नाही. दोघींनी हे काम आधीच वाटून घेतलेलं असलं की नववी-दहावीच्या मुलीही ते फार नीट करतात.

तुमच्या कर्णधाराशी आधी एकटीशी बोला, चिठ्ठ्या घ्यायच्या अगोदर. शाळेच्या उघड्या व्हरांड्यात, येता-जाता सगळे दिसतील अशा ठिकाणी. तिला सांगा की तुझं पद जात नाही, तू चढाई मोकळेपणानं करावीस म्हणून बचावात एक बोलणारी तयार करतोय, आणि ती कोण असावी यात तुझं मत हवंय. तिचा चेहरा उतरला तर थांबा, दोन दिवसांनी परत बोला. तिला न सांगता दुसरीला उभं केलंत तर संघात दोन गट पडतील आणि मग मी वर लिहिलेलं काहीही उपयोगी पडणार नाही. उपकर्णधार हे नाव त्या दुसऱ्या मुलीला द्यायचं की नाही, हे दोघींवर सोडा. काही संघांत नाव दिल्यानं मुलगी बोलती होते, काहींत नाव मिळताच गप्प होते.

बदल कधी करायचा, तेही सांगते. कर्णधार लहान मुलींना त्रास देत असेल, अपमान करत असेल, किंवा स्वतःच येऊन हे मला नको म्हणत असेल, तर हंगामाच्या मध्यातही बदला. पहिल्या दोन कारणांसाठी बदल केला तर का केला ते संघाला एका वाक्यात सांगा. तिसऱ्या कारणासाठी केला तर तिचे आभार मानून, टाळ्या वाजवून करा. सामना हरला म्हणून कर्णधार बदलायचा नाही.

आता तालुकास्तरापर्यंत जेवढे आठवडे असतील त्यांत पहिल्या आठवड्यात फक्त चिठ्ठ्या आणि कर्णधाराशी बोलणं एवढंच करा. दुसऱ्या आठवड्यापासून गप्प बसून घ्यायचा सराव सुरू करा, आणि त्या वेळी शाळेतल्या एखाद्या शिक्षिकेला किंवा माजी खेळाडूला शेजारी बसवून तुम्ही मुलींना किती वेळा सूचना दिल्या त्याच्या खुणा वहीत करायला सांगा. खुणा कमी होऊ लागल्या की एक सामना नाशिकच्या विभागीय क्रीडा संकुलात किंवा जवळच्या कुठल्याही मॅटवर, अनोळखी संघाशी ठरवा, कारण मातीवर बोलणाऱ्या मुली मॅटवर पहिल्यांदा उतरल्या की घसरण्याच्या भीतीनं गप्प होतात. पालकांना त्या सामन्याला बोलवा. आधी पाच मिनिटं त्यांना बसवून सांगा की आज सर बाहेरून काही सांगणार नाहीत, तुम्हीही सांगू नका, मुली काय ठरवतात ते ऐका.